खंडेनवमीला उतरवलेलं वजन

फणसवाडीतले मनमोहन एकतीस वर्षं परळच्या एका संशोधन संस्थेत लॅब सांभाळतायत. सांभाळणं म्हणजे सकाळी कुलूप काढायचं, यंत्रं पुसायची आणि शिकल्यासवरल्या माणसांनी विसरलेले चष्मे त्यांच्या हातात द्यायचे. माणूस सरळ. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून तर एकदाच बोलले ते अंगाशी आलं.

यंदा लॅबमध्ये दादरची देविका आली, पीएचडी करायला. तिनं मक्यापासून केलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या टांगल्या. मातीत पुरलं की कुजून जाणारं प्लास्टिक, आणि बळकटीला आत तागाचे धागे. प्रत्येक पट्टीच्या खाली लोखंडी वजन. मनमोहनांनी विचारलं, "ताई, हे करायचं काय?"

"काही नाही काका, नुसतं बघायचं. कपडे वाळत घालायची दोरी कशी वर्षभरात झोळ खाते? तशी ही किती ताणते ते रोज लिहायचं. सहा महिने."

"सहा महिने नुसतं बघायचं? मग मीही पीएचडीच करतोय की एकतीस वर्षं!"

देविका पोट धरून हसली. तेव्हापासून दोघांचं जमलं. रोज दहाला ती ताण मोजायच्या काट्यावरचा आकडा वहीत उतरवायची, आणि हे शेजारी चहा घेऊन उभे.

पाच महिने झाले आणि खंडेनवमी आली. देविका चार दिवस घरी. आता इतकी वर्षं त्या दिवशी लॅबमधल्या हत्यारांची पूजा मनमोहनच करत आलेले. पकडी, पाने, तराजू, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं. ह्या वर्षी त्यांची नजर त्या वजनांवर गेली. धुळीनं माखलेली. आणि पट्ट्या बिचाऱ्या पाच महिने ओझं घेऊन लोंबतायत. वर्षाचा सण, बैलालासुद्धा पोळ्याला जू चुकतं! त्यांनी वजनं उतरवली, तेलाच्या फडक्यानं पुसली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दोन तासांनी फुलं काढली, कुंकू पुसलं, आणि जिथलं वजन तिथं लावलं. एकही चुकवलं नाही हो. त्याचाच त्यांना अभिमान.

दसऱ्यानंतर देविकानं काटा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. पट्ट्या लांब व्हायच्या सोडून आखडल्या होत्या.

तिचे गाईड यशोधन सर वही उघडून उभे राहिले. "ओझ्याखाली प्लास्टिक आखूड होतं? आधीचे आकडे कुठे बसून लिहिलेस, घरी?"

"सर, रोज इथं उभी राहून..."

"मनमोहन, सुट्टीत इथं कुणी आलं होतं?"

आता खरं म्हणजे हा एका वाक्याचा प्रश्न. पण सरांचा तो आवाज ऐकला, आणि मनमोहनांच्या तोंडून निघून गेलं, "नाही सर. कुलूप होतं."

सरांनी वही मिटली. सोमवारी समितीपुढे ठेवतो म्हणाले. म्हणजे पोरीच्या नावावर खोटे आकडे लिहिल्याचा शिक्का.

तीन दिवस मनमोहन भरल्या ताटावरून तसेच उठत होते. शकू, त्यांची बायको, तिनं ताट सरकवलं. "अहो, आंबोळ्या आहेत, एरंडेल नाही. काय केलंत ते बोला."

त्यांनी सांगितलं.

"अगंबाई! देवाची पूजा केलीत, चोरी तर नाही ना?"

"पूजेची लाज नाही गं. ती पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. काका सांगतील म्हणून बघत होती. आणि मी कुलूप होतं म्हटलं."

शकू म्हणाली, "सोमवारची वाट कसली बघताय? उद्याच जा."

शनिवारी सकाळी मनमोहन दोघांसमोर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं, अगदी झेंडूपर्यंत. सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, वजन काढलं की पट्टी परत आखडते, पुन्हा लावलं तरी लगेच तेवढी ताणत नाही! एवढं..." मग देविकाकडे वळून म्हणाले, "सॉरी. पण हे आकडे गेले. नव्यानं टांग." आणि निघून गेले.

देविका ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. वही उघडून तिनं विचारलं, "किती वाजता काढली?"

"नऊ वाजून दहा. अकराला लावली."

तिनं लिहून घेतलं. पेनला टोपण लावता लावता म्हणाली, "पूजेचं काही नाही, काका. तुम्हाला माहीत नव्हतं. पण त्या दिवशी... तीन दिवस मी घरी आईलाही तोंड दाखवलं नाही."

मनमोहनांनी मान खाली घातली.

सोमवारी तिनं नव्या पट्ट्या टांगल्या. परत सहा महिने. चहा नेला तर तिनं घेतला, थँक्यू म्हणाली, नेहमीसारखी. मग एक कागद पुढे केला. "काका, एवढा स्टँडला चिकटवाल?"

मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावू नये.'

लॅबमधल्या बाकी सगळ्या पाट्या इंग्रजीत. हीच तेवढी मराठीत. तिनं मुद्दाम केलं असेल असं नाही, पोर तशी नाही. पण मनमोहनांनी कागदाला मागून डिंक लावला, चारही कोपरे दाबून बसवले, आणि आपल्यासाठीच लिहिलेली ती पाटी वाकडी तर नाही ना, हे दोन पावलं मागे सरून पाहिलं.