घाट्याच्या आधीचे तीस सेकंद

एप्रिलचा दुसरा रविवार. ज्वारी अकरा किलो, तीळ पाव किलो, लसूण-मिरची आक्कांच्या अंदाजाने. गच्चीवर सात बायका, आणि मोठं पातेलं उचलायला एकटा मी. आक्कांनी हातातला लाकडी दांडा पातेल्याच्या काठावर दोनदा आपटला. हा आवाज आला की आमच्या कॉलनीतल्या बायका हसायच्या तयारीत बसत, कारण आता कुणाची तरी पाळी होती.

जळगावकडच्या लोकांना बिबड्या सांगायला नकोत, इतरांसाठी सांगतो: ज्वारीचे तिखट पापड, कढईत तळले की फुगतात. ज्वारी भिजवून, दळून, तिखट-मीठ घालून शिजवायची. शिजलेल्या गोळ्याला घाटा म्हणतात. तो गरम आहे तोवर ओल्या फडक्यावर थापून उन्हात टाकायचा. गार झाला की चिरतो. म्हणून हे एकटीचं काम नाही. निदान पाच-सहा जणी लागतात, आणि त्या आक्कांकडे न बोलावता येत.

येत त्या बोलणी खायला. आक्का मूळच्या धरणगावकडच्या, बोलणं कायम अहिराणीत. कुणाची भाकरी, कुणाचा नवरा, कुणाचा बाप, काही सोडत नसत. माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "तुना नवरा हिशेबी माणूस शे. तुले हसाले बी मोजीसन देस का?" त्यावर सगळ्यात जास्त मीच हसलो होतो.

पण त्यांचा एक नियम होता. जिला टोमणा बसला, पहिला घाटा तिचा. हातावर गरम गोळा, मध्ये खळगा, खळग्यात तेल. "बोल खादा, आते घाटा खा," म्हणायच्या आणि तिने संपवेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. त्या घाट्यासाठी बायका टोमणा ओढवून घेत. शेजारच्या शोभाने तर एकदा मुद्दाम मीठ जास्त टाकलं होतं.

तीन वर्षांपूर्वी आक्कांच्या सुनेने त्यांचा टोमणा फोनवर टिपून इंटरनेटवर टाकला. पहिल्या दिवशी दोनशे बारा जणांनी पाहिला, आठव्या दिवशी एकेचाळीस हजारांनी. आक्कांना अंक वाचता येत नव्हते, आणि सुनेच्या गोल आकड्यांवर विश्वास नव्हता. त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर येत. "भाऊ, सून म्हनस चाळीस हजार. तू नेमकं सांग." मी चष्मा लावून नेमकं सांगे. मला त्यात आनंद वाटायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

एकदा त्यांनी सुनेला विचारलं, "यामा मी घाटा दिधा, ते कोठे शे?"

"काढून टाकलं, आई. लोक तिथपर्यंत थांबतच नाहीत. तीस सेकंदांत पुढे जातात."

 पुढच्या खेपेला टोमणा झाला, सुनेने फोन खाली केला, आणि आक्का दांडा घेऊन पुन्हा पातेल्याकडे वळल्या. ज्या बाईला टोमणा बसला होता ती हात पुढे करून थोडा वेळ तशीच बसली. मग तिने हात पदराला पुसला. हे मी पाहिलं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

हळूहळू आक्का बदलत गेल्या. तोंडावर आलेलं वाक्य गिळून म्हणायच्या, "थांबा, फोन येऊ द्या." पूर्वी त्यांचा टोमणा लांबलचक असे, त्यात समोरच्या माणसाची सात पिढ्यांची माहिती असे. आता तो आखूड झाला. त्या माझ्या ओट्यावर बसून दोन-दोन पर्याय म्हणून दाखवत आणि कोणता चालेल ते विचारत. कॉलनीतल्या मुलांची नावं विसरू लागल्या. पण लांबच्या कुणा अनोळखी बाईने 'आक्का, अजून एक होऊन जाऊ द्या' असं लिहिलेलं त्यांना तोंडपाठ होतं. नवऱ्यांवरचे टोमणे कमी चालत, बायकांवरचे जास्त. हे त्यांना मीच आकड्यांनिशी सांगितलं होतं.

आता त्या रविवारचं. शोभाच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. जानेवारीत तिचा तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. दवाखान्यात दोन रात्री उशाशी आक्का बसल्या होत्या. भडगावला तिच्या सासरी काही कळवलं नव्हतं. शोभाचा नवराच म्हणाला होता, आईला कळलं तर घरात राहणं अवघड होईल.

तर दांडा आपटला. सुनेने फोन वर धरला. शोभा घाटा थापत होती. आक्का तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "हिना हातनी बिबडी कढईमा काय फुगी वं? जानेवारीमा हिनं सोतानं प्वाट फुगता फुगता बसनं!"

बायका हसल्या. सवयीने हसल्या. मीही हसलो. शोभाने हातातली बिबडी पूर्ण थापली, कडा सारखी केली, मग उठून जिना उतरून गेली. आक्कांनी सुनेला विचारलं, "बठ्ठं ऊनं ना फोनमा?" सगळं आलं का, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आकडा सांगितला: तीन लाख शहाऐंशी हजार चारशे बारा. आजवरचा सर्वांत मोठा. मी तो व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासाने ग्रुपवर एवढंच दिसलं, की शोभाचा नवरा बाहेर पडला.

तिसऱ्या दिवशी भडगावहून शोभाची सासू आली. शोभाच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत. सासूने तो व्हिडिओ चार वेळा लावला. आक्कांचा आवाज चारही वेळा भिंतीतून आला. मग सासू म्हणाली, "जानेवारीत काय झालं ते मला शेजारणीच्या मोबाइलवरून कळतं. सगळं भडगाव हसतंय. काही दिवस धुळ्याला भावाकडे जा." शोभा दोन पिशव्या घेऊन गेली. महिन्याभरात नवराही घराला कुलूप लावून आईकडे राहायला गेला. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत.

आक्का आधी म्हणत, "मी तं नेहमीच बोलस. तिले माहीत शे." मग आठ-दहा दिवसांनी सुनेला फोन धरायला लावून त्या स्वतः बोलल्या, "शोभा, मनं चुकनं. घर ये, माय." रडत होत्या. तो व्हिडिओ नऊशे चौदा जणांनी पाहिला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आक्का, मजा नाही आली, पहिल्यासारखं बोला.' आक्कांनी विचारलं, "काय लिखेल शे?" मी वाचून दाखवलं. मला वगळता आलं असतं.

पुढच्या एप्रिलला आक्कांनी दारोदार जाऊन सांगितलं. एकही बाई गच्चीवर आली नाही. माझ्या बायकोने दार अर्धं उघडून "कंबर धरलीय" म्हटलं आणि लावून घेतलं. आक्कांनी एकटीने दोन किलोंचा घाटा केला. अर्धा थापेपर्यंत उरलेला चिरला. मी पातेलं उचलायला गेलो होतो, पण ते उचलण्याइतकं जड नव्हतं. सुनेने खालून विचारलं, "आई, एकट्या करताय ते टाकू का? लोकांना आवडेल." आक्कांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

त्या बिबड्या त्यांनी मोजायला लावल्या. सत्तेचाळीस. म्हणाल्या, "भाऊ, माले धुयाले ली चाल."

आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. वाटेत पारोळ्यापर्यंत त्या एकच गोष्ट बोलल्या, "ती हसनी तं बस." आक्का आता नाहीत, गणपतीनंतर गेल्या. त्यांचे व्हिडिओ अजून आहेत आणि सून सांगते की आकडा वाढतोय. मी पाहत नाही. मला आठवतं ते धुळ्याचं दार.

शोभाने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. आक्कांनी डबा पुढे केला. "तुले आनी, माय. मी एकलीनी कऱ्यात."

शोभाने डब्याकडे पाहिलं नाही. फार सभ्यपणे तिने विचारलं, "आक्का, फोन चालू नाही ना?"

आक्कांकडे फोन कधीच नव्हता. तरी त्या उंबऱ्यासमोर खाली बसल्या आणि त्यांनी पिशवी रिकामी केली. औषधाची पट्टी काढली, चष्म्याचं घर काढलं, एसटीची दोन तिकिटं काढली, रुमाल झटकून दाखवला. मग पिशवी उलटी करून धरली.

शोभाने सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग तिने मान वर केली आणि माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. आणि दार लावून घेतलं.