गुंडूचा एक डोळा पिकला

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण हातातला कप तेवढा आधी खाली ठेवा. मागे हा किस्सा ऐकताना आमच्या वन्संना चहाचा ठसका लागला, नि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

तर झालं काय, लेक लग्न होऊन निपाणीला गेली आणि कंग्राळीतलं आमचं घर एकदम गप्प झालं. आमचे हे मुळातच कमी बोलणारे. दिवसभरात जे काही बोलतात, त्यातलं निम्मं म्हशीशी. अशात एकदा मी बेळगावच्या खडेबाजारात चाळणी घ्यायला गेले आणि ससा घेऊन घरी आले. का, ते मलाही सांगता येणार नाही. पिंजऱ्यातून त्यानं माझ्याकडे बघितलं, एवढंच.

रंग करडा, डोळे काळेभोर. मला जरा शंका आली, कारण बालवाडीच्या तक्त्यावर ‘स सशाचा’ बघितला तेव्हापासून सशाचे डोळे म्हणजे लालच. विकणाऱ्याला तसं विचारलं.

तो म्हणाला, “ल्हान हाय की आक्का अजून. मोठं होऊ दे, मग बघा.”

मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं, खोटं बोलू नका.

घरी ह्यांनी टोपलीत डोकावून बघितलं. “ही घूस कुठनं आणलीस?”

“घूस न्हाय, ससा हाय. गुंडू नाव ठेवलंय.”

“डोळे कुठं लाल हैत?”

“मोठा झाला की होतील.”

“बरं. लाल होईस्तोवर घूस.”

आणि खरंच, ‘घुशीनं खाल्लं काय’, ‘घूस झोपली काय’, असंच सुरू झालं. मला लई लागायचं ते. मी मात्र गुंडूचं सगळं कौतुकानं केलं. शेतातून उसाचा वाळका पाला आणून पिंजऱ्यात चांगली जाड गादी घातली. ही गादी ध्यानात ठेवा.

एके दिवशी सकाळी बघते तर काय, गुंडूचा डावा डोळा लालसर. दुपारपर्यंत चांगलाच लाल.

आता तुम्ही म्हणाल, बाईला एवढंही कळू नये? अहो, आम्ही शेतकरी माणसं. आमच्यात सगळं हळूहळूच लाल होतं. मिरची हिरवी असते, मग लाल होते. टोमॅटो तरी चहूबाजूंनी एकदम कुठे पिकतो? आधी एक बाजू रंगते, मग दुसरी. मी तोच हिशेब सशाला लावला.

शेजारच्या सुनंदाक्कांना हाक मारली. त्या चष्मा लावून खाली वाकल्या.

“एकच झालाय गं.”

“एकेक करूनच पिकणार की आक्का.”

“अगं बया, डोळा मारतोय बघ मला.”

“नवीन माणूस बघून लाजतोय तो.”

मी गल्लीत साखर वाटली. हो, वाटली. मोबाइलवर फोटो काढून स्टेटसला लावला, खाली लिहिलं, ‘गुंडू मोठा झाला’. लगेच निपाणीहून लेकीचा फोन.

“आई, त्याचा डोळा आलाय काय गं? पाणी येतंय बघ त्यातनं.”

“आला न्हाय, पिकलाय. तू कुकरकडं बघ तुझ्या.”

संध्याकाळी ह्यांना दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, “अर्धी घूस.”

झालं. आता दुसरा डोळा लाल झाल्याशिवाय मला चैन पडेना. लाल खाल्लं की लाल होईल म्हणून बीट किसून ठेवलं. गुंडूनं तोंड फिरवलं. मग कोथिंबिरीलाही शिवेना. कोपऱ्यात बसून पुढच्या पायानं तो लाल डोळा सारखा चोळायचा. तेव्हा मात्र वाटलं, जीव जातोय की काय ह्याचा? मनाशी म्हटलं, दात येताना लेकराला ताप येतो, तसंच असणार. दुसरा डोळा आतच अडकलाय.

सकाळी टोपलीत जुनी साडी घालून, गुंडूला वर ठेवून, बसनं बेळगावात जनावरांच्या दवाखान्यात गेले. गुंडूचा काळा डोळा डॉक्टरांपुढे केला.

“डॉक्टर, हा डोळा लाल होईना बघा.”

त्यांनी बॅटरी मारून बघितलं. “हा चांगला हाय की.”

“तेच तर म्हणते. हा बघा कसा झालाय,” असं म्हणून मी गुंडूला फिरवून लाल डोळा दाखवला. “ह्याच्यासारखा तो करून द्या.”

डॉक्टर गप्प. शेजारी शेळी घेऊन आलेला माणूस गप्प. इतका वेळ ओरडत होती ती शेळीसुद्धा गप्प.

मग डॉक्टरांनी हलकेच पापणी वर केली आणि चिमट्यानं काट्यासारखी एक बारीक कूस काढली. उसाच्या पाल्याची. माझ्या गादीतली. नंतर त्यांनी कागदाची एक ओली पट्टी डोळ्याला लावली, तर डोळा हिरवागार.

“अहो, पिकलेला परत कच्चा केलासा?” मी म्हटलं.

डॉक्टर खुर्चीवर बसले. “आक्का, बुबुळाला ओरखडा असला की तिथं हा रंग धरतो. करड्या सशाचे डोळे काळेच असतात, जन्मभर. अजून थोडं थांबला असता, तर हा डोळा गेला असता.”

डोळा वाचला, ते आधीच सांगून टाकते. औषधाचे थेंब घालून घालून पुन्हा पहिल्यासारखा काळाभोर झाला. पण त्या दिवशी परत येताना बसमध्ये माझं रडू थांबेना. त्या मुक्या जिवानं डोळा चोळून चोळून मला सांगितलं, आणि मी साखर वाटत फिरले.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पिंजऱ्यातला पाला काढून उकिरड्यावर टाकला आणि स्वतःचं मऊ झालेलं जुनं धोतर आत अंथरलं.

मी म्हटलं, “त्याचे डोळे आता काळेच राहणार. म्हणा घूस.”

“घूस कशाला? ससाच हाय तो.”

“आणि लाल डोळे?”

ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

“तुझे हैत की. दोन्ही एकदम पिकलेत.”