पुरातला नारळ

श्रावणातल्या सकाळी दादाच्या सदऱ्याला कारखान्यातल्या औषधांचा उग्र दर्प येई, आणि त्याखाली, कितीही साबण चोळला तरी न जाणारा, इंद्रायणीच्या गढूळ पाण्याचा. पिंपरीची रातपाळी संपवून, भोसरीच्या माळावरचा चिखल सायकलने तुडवत तो चऱ्होलीला पोचे, तेव्हा बाजरीच्या कोवळ्या पात्यांवर ऊन नुकतं उतरत असे आणि त्याचे डोळे मात्र मिटायला आलेले असत.

आमचं गाव म्हणजे एक चिमुकला देशच होता. त्याला राजा नव्हता, निशाण नव्हतं. पण एक पोहणारा होता, आणि तो माझा थोरला भाऊ होता. नारळी पौर्णिमेला भरल्या नदीची ओटी भरायची, पात्रात नारळ सोडायचा आणि तरण्यांनी त्यामागे उड्या घ्यायच्या, ही जुनी रीत. बाभळींच्या वळणाआधी हाती लागला तर तो गावाचा, पुढे गेला तर नदीचा. दादाने तो इतक्यांदा आणला होता, की तो त्याच्याच हाती लागायचा असं लोकांनी धरूनच ठेवलं होतं. लग्नात त्याला पहिल्या पंगतीचं पान, आळंदीच्या बाजारात अनोळखी माणसं बैल पारखावा तसे त्याचे दंड चाचपून पाहत. आणि कुणाचं माणूस बुडालं, की प्रेत शोधायची हाकही आमच्याच दारी येई. सत्काराच्या फेट्याखाली हे कुणाला दिसत नसे.

त्या वर्षी दादा तापाने फणफणला होता. दारात हलगी वाजू लागली, तेव्हा यंदा नको, असं मी विनवून पाहिलं. लोक हसले; वाघाला कधी पडसं होतं का, म्हणाले. मला त्या साऱ्यांचा संताप आला. दादा मात्र उठला आणि घाटाकडे चालू लागला.

पाणी लालसर, फुगलेलं, ओढीचं होतं. बाकीचे मागे पडले आणि दादा एकटाच पुढे सरकत राहिला. मधूनच त्याचं डोकं दिसेनासं होई. वळणाच्या अलीकडे नारळ त्याच्या हातभर अंतरावर आला, सारा काठ ओरडला, आणि त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. नारळ बाभळींपलीकडे निघून गेला.

तो काठाला लागला तेव्हा हलगी थांबलेली होती. कारखान्याने पोराचा दम खाल्ला, असं कुणीतरी पुटपुटलं आणि माणसं पांगली. घराच्या वाटेवर त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"शके, ह्यो आणला असता तर फुडच्या साली बी आणावा लागला असता. लई दमलोय गं. आता निजू दे मला."

तो निजला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या सणाच्या दुपारी आमचं दार कुणी वाजवलं नाही. उन्हं कलली तेव्हा ताप उतरून तो उठून बसला. मी दिलेलं पाणी प्याला, उंबऱ्यापलीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "कुणी येऊन गेलं का गं?"