कोलारपलीकडे, दुष्काळ बघायला

दर रविवारी बंगळुरात, बसवनगुडीला, मी मराठी मुलांना शिकवतो. निवृत्तीनंतरचा उद्योग. सुरुवात कवितांनी केली होती, मग पालक भूगोलाच्या वह्या पुढे करू लागले. मार्चमध्ये आठवीतल्या ईराने दुष्काळाचे परिणाम धडाधड म्हणून दाखवले. शेती घटते, स्थलांतर वाढते, बाजारावर ताण येतो. पाच मुद्दे, पाच गुण.

"ताण येतो म्हणजे काय होतं गं?"

"आजोबा, ते नाही विचारत परीक्षेत."

राग आला. तिचा नाही, त्या पाच गुणांचा. तिथेच ठरवलं, मुलांना न्यायचं.

कोलारपलीकडे एका गावात माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी सरोजा मुख्याध्यापिका आहे. आठवडाभर आधी फोन करून सांगितलं, चौदा मुलं घेऊन येतोय. "सरी अंकल, या की," ती म्हणाली. सरी म्हणजे कानडीत ठीक आहे.

शनिवारी मिनीबस सहाला निघाली. तुम्ही जाणार असाल तर त्याच्याही आधी निघा, नंतर रहदारीत होसकोटे गावापर्यंतच जीव जातो. तिथे ताटलीएवढी तट्टे इडली खा. बस, टोल, नाश्ता धरून माणशी सातशे पडले. पुढचा रस्ता सुरेख, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. एका नव्या वसाहतीच्या कमानीवरून धबधबा कोसळत होता. मोटारीवर चालणारा. समोरून पाण्याचे टँकर शहराकडे निघाले होते, एकामागून एक. मुलं आधी मोजत होती, मग कंटाळली.

गावाबाहेरचं तळं म्हणजे नुसत्या भेगा. शेतात टोमॅटोच्या काठ्या उभ्या, वेली वाळून कोळसा. तिथे बसलेल्या एका शेतकरी अण्णांनी मुलांना विचारलं, "काठ्या विकायच्यात, घेता का? टोमॅटो फुकट लावून देतो."

ईराने विचारलं, "गावात तरुण माणसं कुठेयत?"

"तुमच्या बिल्डिंगी बांधतायत की."

पाच मुद्द्यांतला एक तिथे काठ्यांत बसला होता.

शाळेत पोचलो आणि मी पाघळलो. अंगणात सडा घातलेला, ओल्या मातीचा वास, दारापर्यंत रांगोळीचे मोर. मी पाठ केलेल्या शाळेतल्या कवितांत पाणी नेहमी खळखळतच असायचं; त्या वासाने साठ वर्षं मागे गेलो. त्या ओल्या अंगणात मुलांना उभं करून नदीची कविता म्हणायला लावली. गावातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या सुट्टीत तीच पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या रत्नम्मा अक्का थंड चुलीपाशी बसून होत्या. "आज नाही. घरी जा," त्या म्हणाल्या.

मी सरोजाकडे पाहिलं. तिने नजर फिरवली. उत्तर अक्कांनी दिलं.

"दोन पिंपं होती, सर. अंगणात गेली. टँकर आता मंगळवारी."

"कुणी सांगितलं होतं अंगणात ओतायला?" माझा आवाज चढला.

"मग काय, पाहुण्यांना धुळीत बसवू? ओरडू नका, पोरं बघतायत."

ओरडायचं तरी कुणावर? आठवडाभर आधी फोन करून पाहुणा मीच झालो होतो.

"आजोबा, बसमध्ये पाण्याचे तीन कॅन आहेत," ईरा म्हणाली, आणि माझ्या होकाराची वाट न पाहता मुलं कॅन उतरवू लागली. अक्कांनी एकदा पाणी चाखलं. "सरी. आणा." दोन वाजता डाळभात झाला. आमचा रोहन हात धुवायला गेला तर अक्कांनी त्याचं मनगट धरलं, "स्वल्प, स्वल्प." त्याने चार बोटं ओली केली आणि हात मागे घेतला.

परतीच्या वाटेवर होसकोटेला बाटल्या घेईपर्यंत कुणाकडे घोटभर पाणी नव्हतं. शहरात एचएसआर लेआउटला एका मुलाचे वडील त्याला उतरवून घ्यायला आले होते. "काका, मुलांसाठी तरी ठेवायचं ना." त्यांना मी नको तेवढं बोललो. अजून माफी मागितलेली नाही.

गुरुवारी सरोजाला फोन केला. टँकर मंगळवारी आलाच नाही, बुधवारी संध्याकाळी आला. सोमवार, मंगळवार, बुधवार, शाळेत चूल पेटली नव्हती. दुष्काळ शिकवायला गेलो आणि त्यात तीन दिवसांची भर घालून आलो. पुस्तकातल्या कुठल्या मुद्द्याखाली हे लिहून घेऊ?

सरोजाच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याने मी जास्तच चिडलो.

"अंकल, पुढच्या वेळी नववीची मुलंही आणा ना. फक्त दोन दिवस आधी कळवा, तयारी करता येते."

"कसली तयारी?"

"असं कसं, अंगण नको का नीट करायला?"

नववीची मुलं न्यायची आहेत. तारीख ठरली आहे, बसही सांगितली आहे. सरोजाला तारीख आम्ही दारात उभे राहू तेव्हाच कळेल.