सीझनभर गोळी बंद!

आमच्या घरचे किस्से ढिगाने साचलेत. एक काढला का दहा घसरून येतात. तर ऐका. आरमोरीकडे एका गावात एक म्हातारी राहे. लेक देवाजी झाडीपट्टीच्या नाटकात नट, सून सुशीला. म्हातारी म्हणजे मीच!

*

देवाजी पहिल्यांदा चढला तो धानाच्या रोवण्यात. झोप नाही, तोंडाला दम नाही. आमची बांधी रोवली, शेजाऱ्याची रोवली, तिसऱ्याच्या चिखलात उतरला. लोक म्हणाले, "बाई, पोरगा असावा तर असा!"

कापणीला तोच खाटेवर. आंघोळ नाही, शब्द नाही. तेच लोक म्हणाले, "आळशी झाला!"

*

पुढच्या हिवाळ्यात स्टेजवर चढला. लिहिलेलं सोडून मनातलंच बोले. एकदा तर नायिकेचं भाषणही यानंच म्हटलं! मंडपात टाळ्याच टाळ्या. वडस्याचा नाटक कंपनीवाला म्हणाला, "असा नट झाडीपट्टीत नाई!"

घरी येताना हा गावातल्या सगळ्या पोरींले सायकली कबूल करून आला. आमच्या घरी सारं धन म्हणजे एक बकरी!

*

होळीनंतर पुन्हा खाटेवर पडला. सुशीलेनं त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. मी देवऋषी बोलावला. त्यानं लिंबू कापलं, कोंबडी नेली.

सुशीला म्हणाली, "आता कोंबडी बरी होईन!"

*

शेवटी गडचिरोलीचा डॉक्टर. म्हणाला, "बायपोलर. मन कधी फार चढते, कधी फार पडते. घराण्यात कोणाले होतं?"

"माझ्या दिराले," मी म्हटलं. "आम्ही त्याले राजा म्हणून हसत होतो. एका पावसाळ्यात जंगलात गेला, तो आलाच नाई."

डॉक्टरनं ते कागदावर लिहून घेतलं. "रक्तातून येऊ शकते. ताण आला, झोप मोडली का उसळते. बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाई."

*

दिवाळीला कंपनीवाला दारात. "बाई, गोळीनं देवाजी ढिला पडते. सीझनभर बंद ठेवा ना!"

सुशीला चुलीपासून उठली. "ठेवतो भाऊ. मंग होळीनंतर विहिरीवर राखण तुम्ही बसान काय?"

कंपनीवाल्यानं चहा अर्धाच पिला. देवाजीला पहिल्या अंकातलं पोस्टमनचं काम दिलं. नाटक रातभर चाले, पण याचं काम झालं का पडद्यामागं झोप!

*

पहिल्याच नाटकात गोळीची वेळ झाली अन् हा अजून स्टेजवरच. पत्र देता देता थांबला. "बाई, पाणी द्या जरा. माह्या डोक्याची गोळी घ्याची हाय." घेतली, गिळली. मंडप हसला, टाळ्या!

कंपनीवाला आत ओरडला, "हा सीन रोज पाह्यजे!"

मग गावोगाव पोस्टमन गोळी खाऊ लागला. सीझन सरत आला तरी देवाजी ना चढला, ना पडला.

एका गावी सुशीला पडद्यामागं त्याच्या उशाशी बसली होती. एक बाई डोक्यावर पदर ओढून आली. झोपलेल्या देवाजीकडे बघत राहिली.

"बाई, ते गोळी नाटकातली का खरी?"

"खरी."

ती सुशीलेच्या अगदी जवळ बसली. "मंग आमच्या घरच्याले कुठी न्याचं, सांग ना."