सहावा चिमटा

फौजेतली माझी शेवटची वर्षं उत्तरेतल्या एका एअरफील्डवर गेली. पोस्टिंग पॅराशूट पॅकिंग सेक्शनला. विमानातून उडी मारणाऱ्याचं सगळे कौतुक करतात. त्याच्या पाठीवरचं पॅराशूट कुणीतरी घड्या घालून भरलेलं असतं, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ते भरणाऱ्यांपैकी मी एक.

पॅराशूट दोन असतात, मेन आणि रिझर्व्ह. मेन उघडलं नाही तर रिझर्व्ह. रिझर्व्ह उघडलं नाही तर पुढे काही नाही.

रिझर्व्ह भरायला टेबलावर दोन माणसं लागत, एक पॅकर आणि एक चेकर. घड्या सरकू नयेत म्हणून कापडाला सहा लाल चिमटे लावायचे. पॅक बंद करण्याआधी ते काढायचे. पॅकरने मोजायचे, मग चेकरने मोजायचे, मग कार्डावर 'टूल्स कम्प्लीट' लिहून दोघांनी सही करायची. सोपा नियम आहे. शाळेतलं पोरही पाळेल.

माझा चेकर नायक मिलिंद कांबळे. तो वरळीच्या बीडीडी चाळीतला, मी लालबागचा. सेक्शनमध्ये मुंबईचे आम्ही दोघंच, त्यामुळे जोडी जमली. दोघंही कामात तरबेज, आणि तिथेच घात झाला. सकाळी नवाला चहा यायचा. चहा गार होऊ नये म्हणून आम्ही दिवसभराच्या कार्डांवर आधीच सह्या करून ठेवायचो. त्याची सही मी भरलेल्या पॅकसाठी, माझी त्याने भरलेल्या पॅकसाठी. मोजणं नजरेनेच व्हायचं.

सेक्शनची रीत अशी, की पॅकरने अधूनमधून सेक्शनने भरलेलंच पॅराशूट घालून उडी मारायची. त्या सकाळी मिलिंदची पाळी होती, उडीचा नंबर चौथा. त्याच्याकडे जे रिझर्व्ह आलं ते मी भरलेलं होतं, आणि चेकर म्हणून सही त्याचीच होती. कार्ड बघून तो हसला. म्हणाला, "तुझं आहे ना, मग टेन्शन नाय."

सात चाळीसला ग्राउंडवरच्या रेडिओ सेटवर आवाज आला.

"कंट्रोल, नंबर चार का मेन फँसा है।"

"रिझर्व्ह?"

"खींचा है, सर। आधा खुला। आधा ही खुला।"

मिलिंद एअरफील्डपलीकडच्या शेतात कोसळला.

चौकशी झाली. निष्कर्ष असा निघाला, की हँडल उशिरा ओढलं, उंची कमी पडली. मला एकच प्रश्न विचारला. "टूल्स कम्प्लीट?" मी म्हणालो, "येस सर." कार्डावर दोन सह्या होत्या, म्हणून शेतात चिमटा शोधायला कुणी गेलं नाही. त्या संध्याकाळी माझ्या टेबलावरचे चिमटे मोजले असते तर मला तरी कळलं असतं. मी मोजले नाहीत. हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या टेबलांचं सामान एकत्र करून स्टोअरला जमा झालं.

याला एकोणीस वर्षं झाली. दर वर्षी त्या तारखेला मी मिलिंदच्या आईंकडे जातो, फोटोला हार घालतो, चहा घेतो आणि खोटा परत येतो.

निवृत्तीनंतर मी रिगरचं, म्हणजे पॅराशूट तपासून भरणाऱ्याचं, लायसन्स घेतलं. हौसेखातर विमानातून उडी मारणारी माणसं मला आधी येडीच वाटायची. पण त्यांचं रिझर्व्ह दर सहा महिन्यांनी उघडून, तपासून पुन्हा भरावं लागतं आणि ते काम मला येतं. आमच्या मंडळाचं लालबागला पहिल्या मजल्यावर सभागृह आहे, लांब, कोरडं, ऊन न येणारं. गणपतीचे दिवस सोडले तर ते मला मिळतं. मिलिंद गेल्यानंतर मी चिमट्यांसाठी एक लाकडी पेटी करून घेतली. तिला सहा खाचा आहेत. माणूस मोजताना चुकतो, खाच चुकत नाही.

सायली गिरगावात राहते. बँकेत नोकरी करते, सुट्टीत आकाशातून उड्या मारते. गेल्या महिन्यात शुक्रवारी ती रिझर्व्ह घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिची जंप होती आणि दुपारी तीनला मैत्रिणीच्या गाडीने तिला निघायचं होतं. तपासणीआधी मी मालकाला रिझर्व्ह पाठीवर चढवायला लावतो आणि हँडल त्यालाच ओढायला सांगतो. हाताला ते माहीत पाहिजे. तिने ओढलं, झकास ओढलं. मग मी कापड खिडकीच्या उजेडासमोर धरून वीत वीत पाहिलं. दोऱ्या, शिवण, स्प्रिंग, पिन, सगळं ठीक. घड्या घातल्या, चिमटे लावले. बंद करण्याआधी चिमटे काढून मोजायला लागलो.

"एक, दोन, तीन..."

"काका, तुम्ही स्वतः कधी रिझर्व्ह ओढलंय?"

"एकदा."

"भीती वाटली?"

"नंतर वाटली. तेव्हा वेळ नव्हता. चार, पाच, सहा."

तोंडाने मोजलं, हाताने नाही, आणि बोलण्याच्या नादात चिमटे पेटीत न ठेवताच पुढे गेलो. पॅक बंद केला, पिनला लाल दोरा बांधून सील ठोकलं, कार्डावर सही केली. दीड वाजता ती गेली.

एक पन्नासला चिमटे पेटीत ठेवायला घेतले. पाच बसले. सहावी खाच रिकामी राहिली.

चादर झटकली. खिसे उलटे केले. खुर्च्या सरकवल्या, गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली. चिमटा नाही.

तेव्हा मनात काय आलं ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. पहिलं हे आलं, की पडला असेल कुठेतरी. दुसरं त्याहून वाईट. तिला मेन आहे, रिझर्व्ह लागतंय कशाला? एकोणीस वर्षांपूर्वी त्या टेबलापाशी उभा राहणारा माणूस अजून माझ्यात जिवंत होता. त्याची मला किळस आली.

सायलीला फोन लावला. उचलला नाही. चार वेळा लावला. 'जंप मारू नकोस' असा मेसेज टाकला, तोही तिने पाहिला नाही. कार्डावर पत्ता होता. टॅक्सी पकडली. भायखळ्याला गाडी अडकली ती सहा मिनिटं हलली नाही. विमानाच्या उघड्या दारात मी बासष्ट वेळा उभा राहिलोय. एवढा कधी घाबरलो नव्हतो.

दोन पंचेचाळीसला चाळीचे तीन जिने चढून वर पोचलो. सायली गॅलरीत बुटांच्या नाड्या बांधत होती. बॅग बाजूला तयार. फोन आत चार्जिंगला.

"काका? तुम्ही इथे कसे?"

"चढव पाठीवर."

"अहो, आत्ताच तर सील केलंत."

"हँडल ओढ. आत्ता."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि रिझर्व्ह पाठीवर चढवलं. हँडल ओढलं. स्प्रिंग उडाली ती वाळत घातलेल्या साड्यांवर आदळली. मागून कापडाची पिशवी गॅलरीत पडली. शेजारच्या दारातून एक बाई डोकावल्या. "सायले, हे काय गं?"

मी कापड जमिनीवर ठेवून एकेक घडी उलगडली. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या घडीत, डाव्या बाजूला, लाल चिमटा होता. कापड घट्ट धरून बसला होता.

सायलीने तो काढून हातात घेतला.

"हा आत असता तर उघडलं असतं?"

"अर्धं," मी म्हणालो.

तो शब्द तोंडातून गेला आणि मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. तिने आतून पाणी आणलं. मग तिला मिलिंदचं सगळं सांगितलं. कार्डांवरच्या सह्या, चहा, चौकशीतलं 'येस सर'.

"त्यांच्या वेळी टेबलावर किती चिमटे होते?" तिने विचारलं.

"मोजले नाहीत."

एकोणीस वर्षांत हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. ती रागावली नाही. मैत्रिणीला फोन करून येत नसल्याचं कळवलं, एवढंच. रविवारी ती सभागृहात आली. मी भरलं, तिने प्रत्येक चिमट्यावर बोट ठेवून मोजलं, मगच सही केली.

रविवारीच संध्याकाळी मी वरळीला गेलो. चाळ पाडली, मिलिंदच्या आईंना आता टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर घर मिळालंय. तारीख नसताना मी आलो म्हणून त्या घाबरल्या. उभ्यानेच सगळं सांगितलं. बसलो असतो तर नेहमीसारखा चहा आला असता आणि माझी जीभ पुन्हा आत गेली असती.

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाल्या, "मोजायचं होतंस रे, बाळा."

"हो, आई."

"त्यानेही मोजायचं होतं."

चहा त्यांनी केला नाही. मी चप्पल घालत होतो तेव्हा मागून आवाज आला. "त्या तारखेला येशील ना?"

"येईन."

भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी मिलिंदचा फोटो आहे, युनिफॉर्ममधला, बेरे टोपी किंचित वाकडी. नायक मिलिंद कांबळे, वय एकतीस. इतकी वर्षं त्या फोटोला मी हार घालत आलो, सॅल्यूट मात्र कधी केला नव्हता. चप्पल काढून पुन्हा आत गेलो, सावधान उभा राहिलो आणि सॅल्यूट केला.