चोवीस बहमन

पोळ्याच्या दिवशी आमच्या घरी दोन चुली पेटायच्या. एकीवर बैलांसाठी पुरण शिजायचं आणि दुसरीवर पणजोबांच्या श्राद्धाची खीर. आम्ही औरंगाबादेत राहायला येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्या दिवशी लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावी झाडून सगळे जमायचे. गोठ्यात शिंगं रंगवणं चाललेलं, ओसरीत पानं मांडणं चाललेलं, आणि या सगळ्या गोंधळात आक्का दोन्हीकडे हुकूम सोडत फिरायची.

आक्का म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. अंगानं काटकुळी, जीभ मात्र लवंगी मिरची. पोळा हा तिचा जन्मदिवस, आणि दरवर्षी ती ते न चुकता ऐकवायची.

"बैलाला झूल, कावळ्याला खीर, अन् मला काय? खरकटी भांडी!"

सगळे हसायचे. मीही हसायचे, चाळिशी उलटेपर्यंत.

पणजोबांबद्दल आम्हाला माहीत होतं ते एवढंच. ते रेल्वेनं तेलंगणाकडे, निजामाच्याच राज्यातल्या एका कोळशाच्या खाणीत कामाला गेले. तेव्हा माझे आजोबा, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं, पाच वर्षांचे होते आणि आक्का पोटात होती. पुढे खाणीचं छत कोसळलं आणि पणजोबांची अख्खी पाळी आत गाडली गेली. खाणीतून आलेलं उर्दू पत्र गावात पोचायला बरेच महिने लागले. पटवाऱ्यानं ते वाचलं, पणजीला "तुझा माणूस गेला" एवढं सांगितलं आणि कागद तिच्या हातात ठेवला. तिनं तो पेटीत टाकला. तिथी कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून ती असेपर्यंत त्यांचं पान सर्वपित्री अमावस्येला वाढलं जायचं.

पणजी गेल्यावर अण्णांनी पेटी उघडली. तोवर पोलीस अ‍ॅक्शन होऊन गेलं होतं, शाळा-कचेऱ्यांतून उर्दू गेली होती, आणि अण्णा शाळेत गणिताचे मास्तर झाले होते. लहानपणी दीड वर्ष शिकलेल्या उर्दूच्या जोरावर त्यांनी पत्रातली तारीख लावली: बहमन महिन्याची चोवीस, पुढे निजामाच्या दप्तरातलं फसली साल. त्यांनी हिशेब मांडला, जुनं पंचांग उघडलं, आणि नेमकी पोळ्याची अमावस्या निघाली. तीही आक्का जन्मली त्याच वर्षीची. म्हणजे ज्या दिवशी ही जन्मली त्याच दिवशी तिकडे बाप गेला.

अण्णांच्या गणितावर शंका घ्यायची गावात कुणाची छाती नव्हती. श्राद्ध पोळ्यावर आलं, आणि आक्काच्या सासरी कुणीतरी म्हणालंच, "आली अन् बापाला लावून दिलं." हे तिनं मला एकदाच सांगितलं, शेंगा फोडता फोडता. तेव्हा ती विनोद करत नव्हती.

आक्काला ऐंशी पूर्ण होणार त्या वर्षी तिच्या मुलानं सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. तो म्हणाला, आईचा आजवर एकही वाढदिवस झाला नाही, हा तरी दणक्यात करू, आणि पोळ्यालाच करू. माझ्या वडिलांनी फोनवरच मोडता घातला.

"श्राद्धाच्या दिवशी ओवाळायचं? अण्णांनी काढलेली तिथी आहे. दुसरा दिवस बघा."

फोन आक्काकडे गेला. ती म्हणाली, "मी दुसऱ्या दिवशी जन्मले नाय." आणि ठेवून दिला.

मी इतिहास शिकवते. स्वतःच्या पणजोबांच्या मरणाची तारीख मात्र मी कधी तपासली नव्हती, आणि त्या फोननंतर मला त्याची फार लाज वाटली. गुलमंडीजवळच्या माझ्या शाळेत एक मैत्रीण आहे, तिचे वडील उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मी आक्काला म्हटलं, अण्णांच्या मागे तू जपलेलं ते पत्र दे, वाचून आणते.

"देते कशाला? मीच येते. बाप माझा हाय."

ती लासूरहून सकाळच्या गाडीनं आली. पत्र खणात गुंडाळून पिशवीत आणि पिशवी पोटाशी. हेडमास्तरसाहेबांच्या घरी चहा आला, खारी आली. आक्कानं दोन खाऱ्या संपवल्या आणि मगच पिशवी सोडली.

त्यांनी चष्मा बदलला. "चोवीस बहमन. साफ लिहिलंय. अडचण काय आहे?"

मी पोळ्याचं सांगितलं. त्यांनी कागद खाली ठेवला.

"पोळा? बहमनात? बेटा, बहमनात आमच्या अम्मी रजया काढायच्या. दात वाजायचे आमचे!"

आतल्या खोलीतून त्यांनी निजामाच्या काळातली एक जंत्री आणली, म्हणजे त्या वेळचं सरकारी पंचांगच. वाळवी लागलेली, पण वाचता येणारी. "हे बघा. सरकारचं साल ऑक्टोबरात सुरू. आजर, दै, बहमन. तिसरा महिना, म्हणजे डिसेंबर. तुमच्या आजोबांनी कुठून मोजलं?"

पत्राला टाचून ठेवलेली अण्णांची चिठ्ठी मी उलगडली. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'फसली म्हणजे पिकाचे साल. सबब पहिला महिना मृगापासून.'

हेडमास्तरसाहेब आधी गालात हसले, मग त्यांना आवरेना. मलाही आवरेना. पिढ्यान् पिढ्या शेती केलेल्या घरातला मास्तर, तो वर्ष मिरगापासून मोजणार नाही तर काय करणार? बेरीज, वजाबाकी, पंचांग, सगळं अचूक होतं. फक्त साल चार महिने आधी सुरू केलं होतं.

"म्हणजे आक्का, ते पोळ्याला गेलेच नव्हते. थंडीत गेले. तू चार महिन्यांची होतीस."

मला वाटलं ती टाळ्या पिटेल. ती हसली नाही. हातातली खारी तिनं बशीत ठेवली.

"मंग त्याला कळलं व्हतं का?"

"काय?"

"मी झाले ते. आईनं कार्ड धाडलं व्हतं. जवाब आलाच नाय. पोचलं का नाय, ती मरेस्तोवर इचारत व्हती."

हेडमास्तरसाहेब पत्राकडे बघत म्हणाले, "पुढे अजून लिहिलंय की, आपा. हे कुणी वाचलंच नाही?"

कागदावर तारखेपासून पेन्सिलीची फिकट रेघ होती, अण्णांनी अक्षरं लावताना ओढलेली. ती 'इंतेकाल' या शब्दाशी थांबत होती. मृत्यू. पाचव्या वर्षी बाप गेलेल्या माणसानं तिथवर वाचलं आणि कागदाची घडी केली. गणित चुकल्याबद्दल मी नुकतीच त्यांना हसले होते, त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं.

पत्र खाणीतल्या मुन्शीनं लिहिलेलं होतं. हेडमास्तरसाहेब आधी उर्दूतून वाचत आणि मग मराठीत सांगत. दसऱ्याच्या सुमारास घरून मुलगी झाल्याची खबर आली. मरहूम, म्हणजे पणजोबा, फार खूश झाले. त्यांनी सगळ्या पाळीला गूळ वाटला. मुलीला बघायला म्हणून रजा मागितली होती, ती मंजूरही झाली होती. संक्रांतीला गावी जाणार होते.

"किती गूळ?" आक्कानं विचारलं.

"ते नाही लिहिलं, आपा. सगळ्या पाळीला, एवढंच."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. चौथ्यांदा 'सगळ्या पाळीला' हे शब्द त्यांच्या आधी तिनंच म्हटले आणि मग ती रडली, तोंडाला पदर न लावता, लहान पोरीसारखी मोठ्यानं. हेडमास्तरसाहेबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. आतून माझी मैत्रीण पाणी घेऊन आली. थोड्या वेळानं आक्कानं डोळे कोरडे केले, राहिलेली खारी चहात बुडवली आणि म्हणाली, "आता घरी चला. तुझ्या बापाला सांगायचंय."

माझ्या वडिलांनी पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे बोलून घेतलं. "अण्णांचं गणित चुकायचं नाही." मी जंत्रीच्या पानाची झेरॉक्स समोर ठेवली. ते तासभर पेन्सिल घेऊन बसले. आक्का समोरच्या खुर्चीत पाय हलवत वाट बघत होती.

"गणित बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "सुरुवात चुकली."

"व्हय, व्हय. सुरुवातच चुकली."

"तिथी पौष शुद्ध तृतीया येते." मग त्यांचा चेहरा उतरला. "आत्या, पण मग एवढी वर्षं ती खीर गेली कुणाला?"

"कावळ्याला. त्याचं काय वाईट झालं?"

वडील स्वतःच इतके हसले की त्यांना ठसका लागला. नंतर त्यांनी आपणहून आक्काच्या मुलाला फोन केला आणि पोळ्याला किती माणसं सांगायची ते विचारलं.

त्या पोळ्याला आमच्याकडे एकच चूल पेटली. शिंगं रंगवलेले बैल मारुतीला जाऊन आले, दारात त्यांची पूजा झाली, आणि त्यानंतर प्रथमच आक्का पाटावर बसली. ऐंशी दिव्यांनी तिला ओवाळलं, आणि आणखी एक पुढच्या वर्षासाठी, असं माझ्या आईनं ठरवून टाकलं. पणतवंडांनी औरंगाबादहून केक आणला होता. तोही तिनं कापला, चाखला आणि "ह्यात गोड कमी हाय" म्हणून बाजूला सारला.

मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फोडलेल्या गुळानं भरलेली परात घेऊन बाहेर आली. कुणी हात लावायला गेलं तर झिडकारत होती. परात तिनं उंबऱ्याशी ठेवली आणि तिथंच फतकल मारून बसली. पाहुणे जायला निघत तशी ती प्रत्येकाच्या हातावर एकेक खडा ठेवत होती. रांगेत माझे वडील होते, त्यांच्यामागे हेडमास्तरसाहेब, त्यांच्यामागे मी. माझा नंबर आला तेव्हा तिनं मलाही इतरांना सांगत होती तेच सांगितलं, ऐंशी वर्षांच्या सुरकुतलेल्या तोंडभर हसत.

"घे गं. मुलगी झाली."